या घरात अंडं शिजायचं नाही

वहिनीचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हा माझी आई आमच्या कुळदैवताला, बिरोबाला नवस बोलली. जिवंत नातवंड पाळण्यात पडेपर्यंत आमच्या घरात अंडं-मटण शिजणार नाही, घरातलं कुणी बाहेरही खाणार नाही. बोलली एकटी, पण बांधलं गेलं सगळं घर. माझा भाऊ बिरदेव दोन दिवस कुरकुरला आणि गप्प बसला. वहिनीला, म्हणजे सोनियाला, कुणी विचारलंसुद्धा नाही. आमच्या आईचं हे असंच. जीव लावते, पण दुसऱ्याचा हात धरून लावते.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले. मी सांगलीत नांदते, म्हणून तपासायला तिला माझ्याकडे आणलं. डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या. म्हणाल्या, "कोलीन नावाचं एक पोषक द्रव्य असतं, जीवनसत्त्वासारखंच. बाळाचा मेंदू घडायला ते लागतं, आईच्या यकृताला आणि डोक्यालाही लागतं. गोळ्यांत ते बहुधा नसतं. दूध, शेंगदाणे, सोयाबीनमध्ये थोडं असतं, अंड्यातल्या पिवळ्यात भरपूर. रोज अंडं खा."

दूध वहिनीच्या पोटात टिकत नव्हतं. शेंगदाण्यानं पित्त उसळायचं. घरी आल्यावर मी अंडी उकडायला ठेवली, तर तिनं गॅस बंद केला.

"वन्सं, नगं."

"इथं कोण बघतंय तुला?"

"बघायचा सवाल न्हाई. खाल्लं, आन् परत तसंच झालं तर? लोक म्हणतील त्ये म्हणतील. माजं मलाच वाटंल, म्या खाल्लं म्हणून गेलं. मग म्या कशी जगू?"

मला आईचा असा संताप आला की वहिनीला सोडायला आटपाडीकडच्या आमच्या वाडीवर मी स्वतःच गेले, अंडी पिशवीत घेऊन. आई उंबऱ्यात बसून गहू निवडत होती. डॉक्टरीणबाई बोलल्या ते सगळं मी तिला ऐकवलं. वहिनी काय म्हणाली तेही ऐकवलं. माझा आवाज चढला होता, हे मला नंतर कळलं.

आई चिडेल असं वाटलं होतं. तिनं गव्हाचं सूप खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "बाळाच्या डोस्क्यासाटी?"

"व्हय. आन् हिच्यासाटी बी."

"म्या बोलले तवा हिच्या तोंडाला इचारलं न्हाई," ती म्हणाली. "त्वांड हिचं, सबूद माजा. चुकलंच."

उठली. चूल पेटवून तिनं अंडी उकडली. वहिनी भिंतीला टेकून बघत राहिली, रंग उडालेला. आईनं एक अंडं सोललं, देव्हाऱ्यापुढं उभी राहिली आणि कपाळाला भंडारा लावला. आई देवाला किती भिते, ते मला लहानपणापासून ठाऊक आहे. शेजारणीशी बोलावं तसं ती देवाशी बोलली.

"बिरोबा, बोलले बी मीच, मोडतेय बी मीच. घ्यायचं आसंल त्ये माज्याकडनं घे. माजं वय झालंय. हिच्याकडं बघू नगं."

आणि तिनं अंड्याचा घास घेतला. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी चावून चावून तिनं तो गिळला. मला तिच्यावर चिडलेलं राहता येईना.

मग तिनं दुसरं अंडं सोलून वहिनीपुढं धरलं. "आता खा, पोरी. मोडायचं त्ये म्या मोडलं. तुज्यावर आता काय न्हाई."

वहिनीनं ते घेतलं नाही. पुढं होऊन तिनं आईच्या डाव्या हातातलं, घास घेतलेलं अंडं काढून घेतलं.

"तुमचं उष्टंच खाते, आत्याबाई," ती म्हणाली. "येकट्या भिऊ नगा."

तिनं खाल्लं, आणि आईनं तिच्या पोटावर हात ठेवला.