अण्णांची शिफारस

कबड्डी खेळणाऱ्याच्या मांडीत जेवढी ताकद तेवढा डोक्यात भुसा, असं आमच्या कंपनीत वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये काढला, पण चाकणला कंपनीच्या संघात चिकटलो ते चढाईला आलेल्या रेडरचा घोटा धरता येतो म्हणून. तेही टेम्पररी.

मला हवं होतं क्वालिटी डिपार्टमेंट. तिथे एक पर्मनंट जागा निघणार होती. खेळाडूला अर्ज करायचा तर कोचची शिफारस लागते, आणि कोच म्हणजे भिमाजीअण्णा. भोसरीचे जुने गावकरी, कान मोडलेले, माणूस मनाचा साफ.

पहिल्या वर्षी मी समोरच्या संघातले रेडर वहीत टिपून ठेवायचो. कोण कुठला पाय आधी टाकतो, दमला की कुठे वळतो. अण्णांनी वही बघितली आणि सगळ्यांदेखत माझा उद्धार केला. "ए नवनाथ प्रोफेसर! हितं काय परीक्षा हाय व्हय? गडी आला की भिडायचं. इचार करत बसनारा भित्रा असतो." पोरं खो खो हसली. पुढचे दोन सामने मी बाकावर.

मग मी अक्कल गहाण टाकली. वही बंद, बोलणं बंद. राजगुरुनगरच्या स्पर्धेत रेडर डावीकडे जाणार हे मला लख्ख दिसत होतं. अण्णा ओरडले "उजवीकडं!" म्हणून मी उजवीकडे झेपावलो. खांदा निखळला. तो जागेवर बसवून घेतला आणि पुन्हा उतरलो. हरलो आम्ही, पण अण्णांनी पाठीत धपाटा घातला. "आत्ता गडी शोभतोस!" दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिफारस लिहून साहेबांकडे दिली. मी पिंपरीहून पेढे आणून वाटले. गाढव मी!

इंटरव्ह्यूला तीन साहेब होते, मध्ये क्वालिटीचे मोठे साहेब उद्धवराव. त्यांनी एक ड्रॉइंग पुढे सरकवलं. त्यातली चूक मी दोन मिनिटांत दाखवली. भोकाचं माप असं दिलं होतं की पिन आत गेलीच नसती. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, जमलं राव!

"हे आधी कुणी सांगून ठेवलं होतं का?" उद्धवरावांनी विचारलं.

"नाही सर."

ते हसले आणि अण्णांचं पत्रच माझ्यासमोर धरलं. 'नवनाथ दमदार गडी आहे. दुखलं तरी बोलत नाही. स्वतःचं डोकं अजिबात लावत नाही. सांगाल ते करतो.' डोक्याच्या वाक्याखाली अण्णांनी कौतुकाने दोन रेघा मारल्या होत्या.

क्वालिटीत दुसराच गेला. मला पर्मनंट केलं, नाही असं नाही. लोडिंगला.

गेटवर अण्णा भेटले, चेहरा फुललेला. "कसं लिवलं व्हतं? आजवर कुन्या पोराचं येवढं चांगलं लिवलं न्हाई मी."

असा संताप आला! म्हणावं, अण्णा, वाट लावलीत माझी. पण त्या पत्रात खोटं एक अक्षर नव्हतं. वर्षभर त्यांच्यासमोर तसा वागलो होतो तो मीच.

"लई भारी होतं अण्णा," म्हणालो आणि शिफ्टला गेलो.