एकतीस हिरवे दिवस

शालनताईंच्या पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मार्च ब्याण्णवमध्ये ते आलं. आंतरदेशीय पत्र, खडवलीचा शिक्का. उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात सरकवून ठेवलं. त्यात एकच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर या जगात फक्त मला माहीत होतं. लिहायला एक ओळ पुरली असती. तेवीस दिवस मी ती लिहिली नाही, आणि तेवीस दिवस खडवलीत एक कुत्रा दुपार झाली की लडखडत होता.

कळव्याला आमच्या इमारतीत शालनताई माझ्या समोरच्या खोलीत राहायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. मीही एकटाच. ठाण्याच्या एका छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासून घरी बसलेलो. आम्ही एकमेकांना वर्तमानपत्र द्यायचो, त्यापलीकडे फारसं बोलणं नव्हतं. बोलताना माझे हात कुठे ठेवावेत हे मला कधी कळलं नाही.

मोरू त्यांचा कुत्रा. गल्लीतलाच, तांबडा, एक कान फाटलेला. तो जिन्याच्या कोपऱ्यात मुतला की अर्ध्या तासात तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. तळमजल्यावरच्या गंगुबाई कोळणीने ती पाहिली आणि पाटी उतरवता उतरवता सांगून टाकलं, "शालनबाय, तुजे कुत्र्याला साखर झायली." ठाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. रोज सकाळी इन्सुलिन, बारा वाजता ठरलेलं जेवण, आणि घरी तपासणी. रक्ताचा थेंब घेऊन आकडा दाखवणारी यंत्रं परदेशातून येऊ लागली होती म्हणे, पण ती आमच्यापर्यंत पोचलेली नव्हती. आमच्याकडे होती ती काचेची नळी. निळं औषध नळीत घालून उकळायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, पुन्हा उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं, नारिंगी, विटकरी, अशी वाढत जाणारी.

जानेवारीत खडवलीला शालनताईंची आई पडली, मांडीचं हाड मोडलं. त्यांना जावं लागलं. आदल्या संध्याकाळी त्या वही घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"अण्णा, सहा आठवडे. भावाची बायको कुत्रं घरात घेत नाही म्हणते. आता तिच्याशी भांडायला मला वेळ नाही."

"मला कुत्र्यांतलं काही कळत नाही हो."

"कळायचं काय त्यात? बघायचं आणि लिहायचं. तुम्ही आयुष्यभर दुसरं केलंत काय?"

"गंगुबाईला सांगितलं तर?"

"ती प्रेमाने लाडू घालेल त्याला." त्या हसल्या. "तुमच्याकडून चूक होणार नाही, म्हणून आले."

वहीच्या पुठ्ठ्यावर त्यांनी टपोऱ्या अक्षरात डॉक्टरांचा नियम लिहिला होता. हिरवा आला तर इन्सुलिन तेवढंच, नऊ युनिट. निळा आला तर एक कमी, आणि डॉक्टरांना कळवणे. विटकरी आला तर डॉक्टरांना विचारणे.

सुईचं मला काही वाटलं नाही. मानेवरची कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं, मोरू वळूनही बघत नसे. मला जमेना ते दुसरं. काठीला बांधलेली जुनी पळी घेऊन पहाटे इमारतीमागे त्याच्या मागे फिरायचं, त्याने तंगडी वर केली की पळी खाली धरायची. ती ऊन, पिवळी, किंचित चिकट धार. ती पळीवरून उडून मनगटावर यायची. मी साबणाने हात धुवायचो, मग राखेने, मग पुन्हा साबणाने, तरी पोहे खाताना बोटांना वास यायचा. मग ते उकळायचं. लघवी उकळल्यावर जो वास सुटतो तो गोड असतो, आणि तो गोडपणाच जास्त किळसवाणा. पडद्यांना, उशीला, पुस्तकांच्या पानांनाही तो लागला आहे असं मला वाटू लागलं. एरवी मी नवं पुस्तक उघडून आधी हुंगणारा माणूस. त्या दिवसांत नाकापाशी पुस्तक नेलं नाही.

तरी अकरा दिवस मी प्रामाणिकपणे केलं. बहुतेक हिरवा, दोनदा पिवळा. बाराव्या दिवशी मी नळीचं तोंड स्वतःकडे ठेवून ती स्पिरिटच्या दिव्यावर धरली. शाळेतल्या मुलालाही कळेल अशी चूक. आतलं पाणी एकदम उसळलं आणि माझ्या तोंडावर उडालं. गालावर, ओठावर. ओठ मी चटकन मिटले, त्यामुळे जे आत गेलं ते आतच राहिलं. मोरीत मी कितीतरी वेळ ओकत होतो. मोरू दाराशी बसून शेपटी हलवत होता, आणि मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याकडे तांब्या भिरकावला. लागला नाही.

त्या दिवशी वहीत मी लिहिलं, हिरवा. काल हिरवा होता, आजही असणार.

दुसऱ्या दिवशी पळीला हात लावायला गेलो आणि तसाच परत फिरलो. लिहिलं, हिरवा. तिसऱ्या दिवसापासून पळीपर्यंत गेलोही नाही. अंघोळ झाली की चहाआधी वही उघडून मी रंग लिहायचो. असे एकतीस दिवस. चौतीस वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट कळली होती, की एकही चूक नसलेल्या मुद्रितावर संपादक विश्वास ठेवत नाही, त्याला वाटतं तपासणाऱ्याने वाचलंच नाही. म्हणून मधूनमधून मी लिहायचो, "हिरवा, किंचित पिवळसर." एकदा तर "ढगाळ प्रकाश, पण हिरवाच वाटतो" असं लिहिलं. निळा मात्र कधी लिहिला नाही. निळा लिहिला असता तर इन्सुलिन कमी करावं लागलं असतं, डॉक्टरांकडे जावं लागलं असतं, कोणाशी तरी बोलावं लागलं असतं.

मालकीण गेल्यापासून मोरू अर्धं जेवण टाकत होता. ते मी बघत होतो. कमी जेवणाऱ्याला पूर्ण इन्सुलिन दिलं तर काय होतं हे शालनताईंनी आणलेल्या माहितीपत्रकात लिहिलं होतं, आणि ते मी वाचलं होतं. छापलेलं काही वाचल्याशिवाय मी राहत नाही.

पाचव्या आठवड्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, तो जिन्यात कोसळला. पाय ताठ, डोळे उघडे, तोंडातून फेस. मी वरच्या पायरीवर उभा राहिलो. त्या फेसाला हात लावावा लागेल एवढंच माझ्या मनात आलं. गंगुबाई बाजारातून नुकतीच आली होती.

"अण्णा, घरान गूळ हाय का?"

"आहे."

"मंग बगतंस काय? आन."

मी गुळाचा खडा आणला. तिने तो तळहातावर पाणी घेऊन चोळला आणि सरळ मोरूच्या तोंडात बोटं घातली. हिरड्यांवर, जिभेखाली चोळत राहिली. बोंबलाचा वास, फेस, गूळ, सगळं एकत्र. मी तोंड फिरवलं.

"याची साखर उतरली," ती म्हणाली. "माजे सासूला असाच होयाचा. सुई जास्त होते, मानूस पडतो. आज तपासलास ना?"

"हो."

"काय रंग आला?"

"हिरवा."

तिने माझ्याकडे बघितलं. "बरा तुजा हिरवा," एवढं म्हणून ती पुन्हा मोरूकडे वळली. पंधरा मिनिटांत तो उठून बसला आणि तिची बोटं चाटू लागला. तिने हात पदराला पुसले. जाताना म्हणाली, "अण्णा, तुज्या तोंडावर बग कसा आठ्या. कुत्र्याचा तोंड हाय, गटार नाय."

वहीत त्या दिवशीच्या रकान्यात कोसळण्याबद्दल मी काही लिहिलं नाही.

सहा आठवड्यांनी शालनताई आल्या. आई आता अंथरुणातून उठणार नव्हती, म्हणून त्या खडवलीलाच राहायला निघाल्या होत्या आणि भावाशी भांडून मोरूला नेणार होत्या. त्यांनी वही उभ्यानेच चाळली. "किती नीट ठेवलंत, अण्णा." त्यांचे डोळे भरून आले होते. मी म्हणालो, "त्यात काय विशेष." गंगुबाई त्या दिवशी बाजारात होती, आणि ती बाजारात आहे याचं मला बरं वाटलं.

मग ते पत्र आलं.

"अण्णा, सा. न. मोरू रोज दुपारी लडखडतो. परवा विहिरीच्या काठाशी पडला, माझ्या भाच्याने, सुधीरने ओढून घेतला म्हणून वाचला. इथल्या गुरांच्या डॉक्टरांना तुमची वही दाखवली. ते म्हणाले, इतका सरळ तक्ता असेल तर नऊ युनिट बरोबर आहे, हे मेंदूचं किंवा वयाचं असेल. मी पुन्हा तपासलं असतं, पण वहिनी नळी घरात आणू देत नाही, आणि आईला सोडून मला ठाण्याला येता येत नाही. सगळं तुमच्या वहीवर चाललं आहे. वहीतले रंग पक्के आहेत ना, एवढंच कळवा. तुम्ही म्हणाल तसं करीन."

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. पहिल्या मसुद्यात माझी तब्येत बरी नव्हती. दुसऱ्यात मोतीबिंदू होता: वयोमानाने निळ्या-हिरव्यातला फरक आताशा नीट कळत नाही, तेव्हा वहीवर फार विसंबू नये. हा मसुदा चांगला उतरला होता. वाक्यं सुबक होती, विरामचिन्हं जागच्या जागी होती, आणि वाचणाऱ्याला माझी दयाच आली असती. तो मी वाचला आणि मला त्या दिवशी ओठावर आली होती तीच चव आली. तो फाडला. मग तिसरा लिहिलाच नाही. रोज सकाळी वाटायचं, आज लिहू. रोज दुपारी दोन वाजता मी घड्याळाकडे बघायचो.

एकदा गंगुबाईने जिन्यात गाठलं.

"शालनबायचा पत्र आला ना? पोस्टमन बोलला. मोरू कसा हाय?"

"बरा आहे."

"पडत नाय ना?"

"नाही."

माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मी स्वतःच दचकलो. ती "देव पावला" म्हणून पाटी उचलून गेली. खोलीत येऊन मी हात धुतले. हाताला काही लागलेलं नव्हतं.

दुसरं पत्र एप्रिलमध्ये आलं.

"अण्णा, तुमचं उत्तर आलं नाही आणि ते योग्यच झालं. तुम्हाला असं विचारायला नको होतं. आई म्हणाली, त्या माणसाने दीड महिना निमूटपणे घाण काढली आणि तू त्याच्यावर संशय घेतेस. मला रात्रभर झोप लागली नाही. कृपा करून राग धरू नका. नऊ युनिटच चालू ठेवलं आहे. मोरू आता फारसा उठत नाही, पण तुमचं नाव घेतलं की कान हलवतो."

मी ते टेबलावर ठेवलं. कुठल्याही पुस्तकात ठेवावंसं वाटलं नाही. माझी माफी मागणारं ते स्वच्छ, वळणदार अक्षर बघून मला जी किळस आली तशी त्या पळीची कधी आली नव्हती. पोटातलं काही वर आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही.

तारेने कळवावं असं आधी मनात आलं. पण तारमास्तर शब्द मोजताना मोठ्याने वाचतो. "वही खोटी" हे शब्द त्याच्या तोंडून, रांगेतल्या माणसांसमोर. त्या वेळीही मला माझीच पडली होती हे इथे लिहून ठेवतो.

आंतरदेशीय पत्रावर मी लिहिलं:

"शालनताई, वहीतले पहिले अकरा दिवस खरे आहेत. पुढचे एकतीस मी न तपासता लिहिले. मला त्याची किळस येत होती. मोरू इथेही एकदा पडला होता, साखर उतरून. गंगुबाईने हिरड्यांना गूळ चोळून त्याला उठवलं. हे मी तुमच्यापासून लपवलं. नऊ युनिट जास्त होत आहे. पत्र मिळताच डोस निम्म्यावर आणा, डॉक्टरांना हे पत्र दाखवा, आणि तो लडखडला तर लगेच गूळ चोळा. माफी तुम्ही मागायची नव्हती."

खाली सही केली. पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर सुधारलं असतं.

कळव्याच्या पेटीत टाकलं तर दोन दिवस जातील म्हणून मी दुपारीच कल्याणला गेलो. स्टेशनातल्या टपाल कचेरीतून संध्याकाळची पिशवी कसाऱ्याकडे जाते, दुसऱ्या दिवशी खडवलीत वाटप होतं, असं तिथल्या माणसाने सांगितलं. पलीकडच्या फलाटावर आसनगावची गाडी उभी होती, अर्धी रिकामी. खडवली तिथून चौथं स्टेशन. मी त्या गाडीत बसू शकलो असतो. शालनताईंच्या दारात उभं राहून हे सगळं तोंडाने सांगायचं, आणि त्या कोपऱ्यात पडलेला मोरू माझ्या आवाजाने कान हलवणार. मी फलाटाकडे पाठ केली, पेटीच्या फटीत पत्र धरलं आणि सोडलं.