माझ्या झाकणावरचा फोन

मित्रांनो, मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही. माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐकू म्हणता खरं, पण बघू.

हा स्वभाव काही मी कारखान्यातून घेऊन आले नव्हते. तिथून निघाले तेव्हा कोरी करकरीत होते, आणि काचेवर जो कागद येईल तो मला खराच वाटायचा. पहिली काही वर्षं एका मोठ्या ऑफिसात काढली. काय थाट होता माझा! वेगळी खोली, थंड हवा, मेकॅनिक येऊन अंग पुसून जायचा. साहेब लोक पाहुण्यांना म्हणायचे, "हिच्यासारखी दुसरी नाही." मग एक दिवस दुसरी आली. माझ्यापेक्षा सडपातळ आणि रंगीत छापणारी. त्याच लोकांनी मला दोरीनं बांधून टेम्पोत चढवलं. तेव्हापासून कुणी माझं कौतुक केलं की मी आधी दाराकडे बघते, बाहेर टेम्पो उभा नाही ना म्हणून.

तो टेम्पो थांबला मावशीच्या दुकानासमोर. दुकान कसलं, कॉलेजच्या फाटकासमोरची एक खोली. पुढे फळी, मागे मी, आणि वर एक पंखा, जो माणसांना वारा घालायचा सोडून फक्त कागद उडवतो. मालकिणीला सगळं कॉलेज मावशी म्हणतं. आणि संशयाच्या बाबतीत म्हणाल तर ती माझी गुरू.

झालं होतं असं, की पूर्वी कधीतरी तिच्या ओळखपत्राची प्रत कुणीतरी ढापली आणि तिच्या नावावर परस्पर फोनचं कार्ड काढलं. त्या फोनवरून त्यानं काय दिवे लावले ठाऊक नाही, पण पोलीस आले मावशीच्या दारात. त्या दिवसापासून तिच्या कानामागे एक जाड काळा मार्कर असतो. माझ्या पोटातून प्रत निघाली रे निघाली की मावशी तिच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढायची, आणि रेघेवर लिहायची, 'फक्त शिष्यवृत्तीसाठी.' खराब झालेल्या प्रतीचे ती चार तुकडे करायची. दोन आपल्या डब्यात, दोन समोरच्या चहावाल्याच्या डब्यात.

"मावशी, तुमच्या कचऱ्यानं माझा डबा भरतो!" चहावाला तिकडून ओरडायचा.

"भरू दे. दोन्ही डबे उपसून जोडत बसणारा चोर भेटला तर त्याला तुझा चहा पाज. तीच शिक्षा पुरे."

मित्रांनो, निकाल लागला की आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, सगळं माझ्या काचेवर पालथं पडतं. पोरं रांगेत उभी राहून बोलतात आणि मी ऐकते. "अरे, ती फक्त पहिल्या वर्षाला मिळते." "त्या संस्थेला आधी दोन शिक्षकांची पत्रं लागतात." "तारीख कालच गेली की रे!" हे शेवटचं वाक्य बोलणाऱ्याचा चेहरा मला बघवत नाही. नशीब, तेवढ्यात काचेवर पुढचा कागद येतो.

अशाच गर्दीत एकदा चकचकीत बुटांचा एक माणूस आला. अत्तर इतकं, की वरचा पंखासुद्धा गुदमरला. त्याला आमच्या दारावर एक कागद चिकटवायचा होता. शिष्यवृत्तीची शंभर टक्के हमी, आधी थोडी नोंदणी फी भरा, असलं काहीतरी.

"मावशी, पोरांच्या कागदांची एकेक जास्तीची प्रत माझ्यासाठी काढून ठेवत जा. तुमचाही फायदा बघू आपण."

मावशीनं मार्कर कानामागून काढला. "ऑफिस कुठं तुमचं?"

"आमचं सगळं फोनवरच चालतं."

"मग कागद पण फोनवरच चिकटवा. आणि बूट उचला माझ्या उंबऱ्यावरून, नाहीतर त्यांच्यावरही रेघ मारीन."

पुढे दुसऱ्या गल्लीतल्या पोरांना त्यानं बरोबर टोपी घातली आणि गायब झाला. मग काय, जो तो मावशीची पाठ थोपटायला लागला. मावशी फुलली. मी मात्र सवयीनं दाराकडे बघून घेतलं. आणि मावशीचा संशय त्या दिवसापासून नुसता वाढला नाही, माजला.

आता पिटूबद्दल सांगते. पिटू म्हणजे मावशीची भाची, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. उंची बेताची म्हणून लहानपणी पडलेलं नाव, ते चिकटलंच. माझ्या पोटात कागद अडकला की मावशी मला थापड्या मारते. पिटू तसं करत नाही. ती बाजूचं दार उघडते, बोटानं रूळ मागे फिरवते आणि कागद न फाडता अलगद काढते. मला उघडल्यावर तिचे डोळे असे चमकतात, जसे बाकीच्यांचे सिनेमा बघताना. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात तिचा नंबर लागला होता, पण फी भरण्याइतकी घरची ऐपत नव्हती. शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर आई जिथे डबे भरते त्याच पॅकिंगच्या कारखान्यात आईच्या शेजारची जागा. मधलं काही नव्हतं.

पिटूनंच समोरच्या कॉलेजच्या फलकावर एका संस्थेची सूचना शोधून काढली. कुणा इंजिनिअरच्या माघारी त्याच्या घरच्यांनी सुरू केलेली शिष्यवृत्ती.

"फी?" मावशीनं विचारलं.

"काहीच नाही."

"मग तर नक्कीच गडबड आहे. फुकट कोण देतं गं?"

"मावशी, जो फी मागतो तो चोर, आणि जो मागत नाही तोही चोर? मग साव कोण?"

"अजून भेटला नाही. भेटला की सांगते."

कुरकुरत का होईना, मावशीनं कागद माझ्या काचेवर ठेवले. उत्पन्नाचा दाखला मी इतका स्वच्छ उतरवला होता म्हणून सांगू! आणि मावशीनं मार्कर उचलला.

"मावशी, जरा जपून, आकड्यावरून जाईल," पिटू म्हणाली.

"जाऊ दे. ज्याला बघायचंय तो वाकून बघेल."

झाली रेघ. आकडा गेला खाली. अर्जावर फोन नंबर टाकला मावशीचा, कारण पिटूच्या घरात फोन एकच, तो आईकडे, आणि कारखान्यात शिरताना तो दारावर जमा करावा लागतो.

मावशीचा फोन कायम माझ्या झाकणावर असतो. गर्दीत ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू. एका दुपारी तो थरथरला. पलीकडे एक बाई होत्या, अगदी मऊ आवाजाच्या.

"नमस्कार, अभिनंदन! तुमच्या भाचीचं नाव निवड यादीत आलंय. फक्त एक अडचण आहे..."

अभिनंदन हा शब्द ऐकताच मावशीच्या भुवया वर गेल्या. खरं सांगते, मलाही ती बाई ठगच वाटली. इतकं गोड माझ्याशी फक्त टेम्पोवाला बोलला होता.

"...उत्पन्नाच्या दाखल्यावर काळी रेघ आहे, तिच्याखाली आकडा दिसत नाही. दुसरी प्रत पाठवावी लागेल, आणि ती..."

"आणि सोबत ओटीपी पण पाठवू का? पासबुक पाठवू? घराची किल्ली नको का तुम्हाला? लाज नाही वाटत पोरींच्या शिक्षणावर टपून बसायला?"

फोन कापला. तो नंबरही ब्लॉक करून टाकला. रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनं पदरानं कपाळ पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशीला गंडवायला निघाली होती!"

संध्याकाळी पिटू आली तेव्हा मावशीनं हा पराक्रम अगदी रंगवून सांगितला. "म्हणे रेघेखाली आकडा दिसत नाही! काय एकेक बहाणे शोधतात गं."

पिटू हसली नाही. तिचा हात माझ्या झाकणावर होता, तो तिथेच राहिला.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "दाखल्यावर रेघ आहे, हे तिला कुणी सांगितलं?"

 मावशीनं माझ्यावरचे कागद उगाच सारखे केले.

"टपालात पाकीट फोडलं असेल कुणीतरी," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते पटलं नाही.

"दुसरी प्रत कधीपर्यंत मागितली?"

"ते सांगत होती बहुतेक. मी... मी त्याआधीच कापला."

पिटू फळीवर बसली. रडली नाही. नुसती म्हणाली, "आई विचारत होती, कारखान्यात सोमवारी नाव घालू का म्हणून." त्यापेक्षा तिनं मला लाथ मारली असती तरी चाललं असतं.

"त्या नंबरवर मी उलटा फोन करणार नाही," मावशी म्हणाली. "चोर असेल तर पुन्हा तोच बोलेल. पण तुझ्या त्या फलकावरची सूचना कॉलेजच्या ऑफिसनं लावली होती ना? मग विचारायचं ते ऑफिसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, भर गर्दीच्या मोसमात, मावशीनं दुकानाचं दार ओढलं आणि पिटूला घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेली. मी अंधारात बसून राहिले आणि नाही नाही ते मनात आलं. खरी असेल का ती बाई? तारीख गेली असेल का? पिटू गेली कारखान्यात, तर माझं दार कोण उघडेल? मावशीच्या थापड्या मी अजून किती दिवस खाणार?

दार उघडलं ते धाडकन. दोघी धापा टाकत आत आल्या. ऑफिसातल्या कारकुनानं स्वतःच्या फाइलमधला नंबर काढून संस्थेला फोन लावला होता. बाई खऱ्या होत्या. आणि मुदत होती आजची, त्यांचं ऑफिस बंद होईपर्यंत. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला.

पिटूनं दाखला काचेवर ठेवला. मावशीनं बटण दाबलं. आणि नेमका तेव्हाच माझ्या पोटात कागद अडकला. मावशीनं हात उगारला.

"मावशी, नको!" पिटूनं दार उघडलं, रूळ मागे फिरवला, कागद काढला, पदर नव्हता म्हणून ओढणीनं काच पुसली. मग मी अशी प्रत काढली, की तशी त्या मोठ्या ऑफिसातल्या साहेबांनाही काढून दिली नव्हती.

मावशीचा हात आपोआप कानामागे गेला. मार्करचं टोपण निघालं. पिटू बघत राहिली. मार्कर कागदावर आला, थांबला, सरकत सरकत अगदी खालच्या कोऱ्या जागेत गेला, आणि तिथे मावशीनं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'फक्त शिष्यवृत्तीसाठी.'

"एवढं तरी लिहू दे गं," ती म्हणाली. "नाहीतर मला झोप येणार नाही."

प्रत वेळेत पोचली. मावशी स्वतः सोबत गेली होती, त्या बाईंची माफी मागायला. ब्लॉक केलेला नंबरही तिनं तिथेच पुन्हा चालू केला. बाई म्हणे हसल्या. "बरंच केलंत. आमच्या नावानंही ठग फोन करतात. फक्त झापण्याआधी निरोप पुरता ऐकून घेत जा."

काही दिवसांनी माझ्या झाकणावर फोन पुन्हा थरथरला. पिटू समोरच उभी होती.

"नमस्कार, अभिनंदन! तुमच्या भाचीची शिष्यवृत्ती..."

"पुरतं सांगा, ऐकतेय," मावशी म्हणाली. सगळं ऐकलं. मग म्हणाली, "छान. आता फोन ठेवा. मी करते." आणि ठेवला!

"मावशी!" पिटू ओरडली.  मावशीनं कॉलेजच्या ऑफिसातून आणलेला नंबर माझ्या कडेला चिकटवून ठेवला होता, तो एकेक आकडा बोट ठेवून लावला. पलीकडून तोच मऊ आवाज आला, "हो मावशी, मीच. शिष्यवृत्ती मंजूर झालीय. आता तरी पटलं?"

मावशीनं पिटूकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. चहावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. शिक्षा म्हणून नाही.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. मी तर घेतेच. पण तो अर्ध्यात सोडू नका. फोन कापला म्हणजे खरं-खोटं कळलं असं नसतं. पुरतं ऐका, योग्य दारात जाऊन विचारा, मग ठरवा. आणि हो, माझी काच अधूनमधून पुसत जा, कागद अडकला तर थापड्या मारू नका, बाजूला दार आहे.

पिटू आता सुट्टीत येते आणि मला उघडून बसते. म्हणते, "कॉलेजात इतक्या मशीन बघितल्या, पण हिच्यासारखी दुसरी नाही."

मी अजूनही आधी दाराकडे बघते. टेम्पो नसतो.