बाराचं ऊन

मार्गशीर्षातली अमावास्या शनिवारी येत होती आणि प्रतिभा गांगुर्डेला ती वाया घालवायची नव्हती.

नाशिकच्या एका कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. द्वारका चौकाजवळच्या तिच्या फ्लॅटच्या गच्चीवरून ताऱ्यांपेक्षा उड्डाणपुलाचे दिवेच जास्त दिसत. म्हणून सिन्नरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, कुसाबाई नावाच्या म्हातारीच्या शेताच्या बांधावर तिने पत्र्याची खोली उभी केली होती. खोलीचं छप्पर रुळांवरून मागे सरकायचं. आत दुर्बीण होती आणि दुर्बिणीच्या मागच्या टोकाला जोडलेला स्पेक्ट्रोस्कोप. ताऱ्यांचे फोटो काढण्यात प्रतिभाला फारसा रस नव्हता. ताऱ्याचा उजेड एका बारीक फटीतून आत घ्यायचा, त्याचा रंगीत पट्टा उलगडायचा आणि त्यातल्या रेघांवरून तो उजेड कुठून, कशातून आलाय हे ओळखायचं, याचं तिला वेड होतं.

या वेळचं काम शर्मिष्ठा तारकासमूहातल्या मधल्या ताऱ्याचं होतं. हा तारा स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या कमरेतून वायू बाहेर फेकला जातो. त्या वायूतल्या हायड्रोजनची रेघ कधी उजळते, कधी मंदावते. देशोदेशीचे हौशी लोक मिळून आळीपाळीने तिच्यावर नजर ठेवून होते. युरोपात ढग होते. शनिवारची संध्याकाळ भारताच्या वाट्याला आली होती, म्हणजे प्रतिभाच्या.

गुरुवारी ती आणि जीवन सांगळे दोघं रंगीत तालीम करायला शेतावर आले. जीवन सर तिच्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. पन्नाशीचे, सावध, कुठलीही गोष्ट दोनदा तपासणारे. अशा कामाला असा माणूस बरोबर असलेला बरा, म्हणून ती त्यांना आणायची.

"अंधार पडल्यावर पहिलं काय?" सरांनी विचारलं.

"पहिला निऑनचा दिवा. त्याच्या रेघा कुठे पडतात ते आपल्याला पक्कं माहीत असतं, तीच आपली मोजपट्टी. मग शेजारचा एक साधा तारा घ्यायचा, तुलनेला. मग आपला. तो उत्तरेला सगळ्यात वर येईल तेव्हाच जास्तीत जास्त वेळ द्यायचा."

"वर आल्यावरच का?"

"कारण तेव्हा मधे हवा सगळ्यात कमी असते. तारा खाली असला की त्याचा उजेड जाड हवेतून तिरपा येतो आणि आपल्या हवेतल्या ऑक्सिजनच्या, बाष्पाच्या रेघा त्यात घुसतात. रेघा किती ठळक आहेत ते बघून उजेड किती तिरपा आला तेही सांगता येतं."

"आणि ढग आले तर?"

"तर घरी जाऊन झोपायचं."

सूर्य मावळला होता. पश्चिमेला अजून लाली होती, पूर्वेचा डोंगर काळपट पडत चालला होता. तारे दिसायच्या आधी फटीवरचा फोकस नीट करून घ्यायचा तर लांबचा एखादा बारीक दिवा हवा होता. सिन्नरच्या एमआयडीसीचे दिवे टेकाडाआड होते. तेवढ्यात समोरच्या डोंगराच्या मधल्या टप्प्यावर सरांना एक उजळ ठिपका दिसला.

"तो घ्या की. कुणीतरी राहतंय तिथे."

प्रतिभाने दुर्बीण खाली वळवली, ठिपका फटीवर आणला. लॅपटॉपवर रंगीत पट्टा उमटला. एलईडीचा असता तर निळ्या बाजूला उंचवटा दिसला असता. शेकोटी असती तर सोडियमची पिवळी जोडरेघ चमकली असती. इथे अखंड पट्टा होता आणि त्यावर बारीक काळ्या रेघांची दाटी. त्या रेघा प्रतिभा झोपेतही ओळखू शकली असती.

"हे ऊन आहे," ती म्हणाली.

"पश्चिमेचा उजेड पडत असेल. एखादा पत्रा, पाण्याची टाकी."

"तसंच असेल."

फोकस झाला. त्यांनी डबा उघडून पोळीभाजी खाल्ली. खाऊन होईपर्यंत पूर्ण काळोख झाला, आणि डोंगरावरचा ठिपका तिथेच होता. आता तर अंधारामुळे जास्तच उठून दिसत होता. प्रतिभाने दुर्बीण पुन्हा वळवली. पट्टा तोच. रेघाही त्याच.

"चंद्राचा उजेडही उन्हासारखाच दिसतो ना?" सर म्हणाले.

"चंद्र आहे कुठे, सर? तो पहाटे उगवेल, कोरभर."

सरांनी चष्मा काढून पुसला. प्रतिभाने दुपारी घेतलेला आकाशाचा पट्टा स्क्रीनवर काढला आणि नव्या पट्ट्याखाली ठेवला. रेघेला रेघ जुळली. फक्त तांबड्या बाजूच्या ऑक्सिजनच्या रेघा जुळल्या नाहीत. दुपारच्या पट्ट्यात त्या ठसठशीत होत्या, डोंगरावरच्या उजेडात फिक्या.

"म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"हा उजेड सरळ डोक्यावरून आलाय. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य बारा वाजतासुद्धा एवढा वर येत नाही. हे उन्हाळ्यातलं ऊन आहे, सर. भर दुपारचं."

कुसाबाई नेमकी तेव्हा चहाची किटली घेऊन दारात आली होती. ती शेतातल्या घरात एकटीच राहायची. सत्तरी ओलांडलेली, पण चालणं ताठ.

"काय दुपारचं?" तिने विचारलं.

"मावशी, त्या डोंगरावर कोण राहतं?"

"कोन ऱ्हाईल तिथं? पानी नाय, वाट नाय."

"मग तो दिवा कसला?"

कुसाबाईने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "मला तर काय दिसत नाय बाई. कुठंय?"

सरांनी बोट दाखवलं. त्या बोटाच्या रोखाने पाहताना तिचा हात हळूहळू खाली आला. किटली तिने जमिनीवर ठेवली.

"वैशाखातलं म्हनली ना तू?"

प्रतिभाने वैशाखाचं नाव घेतलं नव्हतं. तरी ती हो म्हणाली.

मग कुसाबाईने सांगितलं. तिला एक धाकटी जाऊ होती, पुतळाबाई. नुसती जाऊ नाही, पाठची सख्खी बहीण; दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. वैशाखात पुतळाबाई गवत कापायला त्या टप्प्यावर गेली. खालून सगळ्यांना दिसत होती, लाल लुगडं नेसलेली. बाराच्या सुमाराला कुणीतरी वर पाहिलं तर ती नव्हती. दरी नाही, विहीर नाही, पडायला जागा नाही. विळा सापडला, अर्धा भारा सापडला. ती नाही.

"पोलीस आले, देवरुषी झाले," कुसाबाई म्हणाली. "कोन म्हनं पळून गेली. ती कशाला पळंल? तिला तर शिन्नरची वाट ठाव नव्हती."

एवढं बोलून ती किटली तिथेच विसरून घराकडे गेली.

शुक्रवारभर प्रतिभा आणि सर त्या विषयावर बोलले नाहीत. कॉलेजात दोघांनी आपापले तास घेतले. संध्याकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, उद्याचं रद्द करायचं का?"

"नको सर. तारा काही माझ्यासाठी थांबणार नाही."

"मी येतो मग. पण डोंगराकडे दुर्बीण वळवायची नाही, एवढं कबूल करा."

तिने कबूल केलं.

शनिवारी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. छप्पर सरकवताना प्रतिभाने मुद्दाम पूर्वेकडे पाठ केली. निऑनचा दिवा झाला. तुलनेचा तारा झाला. शर्मिष्ठा उत्तरेला सगळ्यात वर आली तशी तिने मधला तारा फटीवर धरला आणि कॅमेरा सुरू केला. थंडी चांगलीच होती. पत्र्यावर दव पडायला लागलं होतं. पहिला पट्टा आला तो सुंदर होता, हायड्रोजनची रेघ उजळ, टोकदार. प्रतिभाला दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या पट्ट्यात काहीतरी बिघडलं होतं. ताऱ्याच्या उजेडाची ओळ मधोमध असते, तिच्या वरची आणि खालची जागा काळी असायला हवी. ती काळी नव्हती. तिथे फिका उजेड पसरला होता आणि त्यात बारीक रेघांची दाटी होती.

तिसऱ्यात तो उजेड वाढला.

"सर, टॉर्च लागलाय का कुठे?"

"नाही."

चौथ्या पट्ट्यात तारा जवळजवळ बुडून गेला. सगळीकडे ऊनच ऊन. प्रतिभाने वर पाहिलं. आकाश काळंभोर होतं, तारे जागच्या जागी होते. दुर्बिणीच्या तोंडापाशी हात नेला तर हाताला ऊब लागली, उन्हात ठेवलेल्या भांड्यावर हात धरावा तशी. तिने हात मागे घेतला आणि सहज खाली नजर गेली. काळोखात, पायांच्या अगदी बुडाशी, तिची सावली पडली होती. आखूड, गोल, भर दुपारची.

सर तिच्याकडे बघत होते. मग त्यांनीही खाली पाहिलं.

बाहेर वाळक्या पानांवर पावलं वाजली. दोघं दाराशी आले. बांधावरून कुसाबाई चालली होती, डोंगराच्या दिशेने. पदर तिने डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता, उन्हात बायका घेतात तसा.

"मावशी! कुठे निघालात?"

ती वळली नाही. सर तिच्यामागे धावले. बॅटरीच्या उजेडात ती थोडी पुढे दिसत राहिली, मग ओढ्याशी वाट वळली आणि ती दिसेनाशी झाली. सर परत आले ते धापा टाकत. प्रतिभाने तोवर शेजारच्या वाडीत फोन लावला होता. आणि दिलेला शब्द मोडून दुर्बीण डोंगराकडे वळवली होती, कॅमेरा आणि स्पेक्ट्रोस्कोप काढून त्या जागी डोळ्याने बघायची साधी भिंगनळी बसवून.

ठिपका आता ठिपका नव्हता. अंधारात उताराचा एक तुकडा उजळला होता, अंगणाएवढा. पिवळं गवत, काळे दगड, त्यांच्याखाली चिमूटभर सावल्या. गवतात कुणीतरी लाल नेसलेलं वाकून काम करत होतं. विळा चालताना चमकत होता. काही वेळाने उजेडाच्या कडेला दुसरी बाई येऊन उभी राहिली. लाल लुगडं सरळ झालं. दोघी समोरासमोर उभ्या होत्या. त्यानंतर तो तुकडा डोळा मिटावा तसा विझला.

वाडीतली माणसं कंदील-बॅटऱ्या घेऊन वर चढली, सर त्यांच्याबरोबर गेले. वाट नसल्यामुळे पोहोचेपर्यंत पूर्वेला फटफटलं होतं. कुसाबाई एका दगडावर बसलेली सापडली. सगळ्यांचे कपडे दवाने ओले झाले होते, तिचं लुगडं कोरडं खडखडीत होतं. चेहरा रापून लाल झाला होता आणि अनवाणी तळव्यांना तापल्या दगडांचे फोड आले होते.

खाली आणून प्रतिभाने तिच्या पायांना तूप लावलं. कुसाबाई शांत होती.

"भेटली का?" प्रतिभाने विचारलं.

"भेटली ना. हाय तशीच हाय. अंगावर हळदीचा रंग बी उतरला नाय तिच्या." कुसाबाईने पाय जवळ ओढून घेतले. "मला वळखलं नाय तिनं. म्हनली, आजी, पानी हाय का? लय ऊन झालंय. एवढा भारा बांधते आन् खाली येते, अक्का वाट बघत असंल."

"मग तुम्ही सांगितलं नाही, मीच अक्का म्हणून?"

"कसं सांगू?" कुसाबाई म्हणाली. "भ्याली असती ती."

पहिल्या पट्ट्यातली रेघ प्रतिभाने इतरांना पाठवली. ती चांगली निघाली होती. बाकीचे पट्टे तिने पाठवले नाहीत. एवढंच कळवलं, की नंतर आकाश खराब झालं.

पाय बरे झाल्यावर कुसाबाईने डोंगरावर जायचा हट्ट धरला. प्रतिभा तिला एकटीला कशी सोडणार? रविवारी दुपारी, भर उन्हात, दोघी वर गेल्या. कुसाबाईच्या कमरेवर पाण्याची कळशी होती. टप्प्यावर सगळीकडे गवत वाळून कडकडीत झालं होतं. फक्त एका ठिकाणी, अंगणाएवढ्या जागेत, ते ओलं होतं. पात्या-पात्यावर दव होतं. प्रतिभाने वाकून जमिनीला हात लावला. माती पहाटेसारखी गार होती, आणि वरून सूर्य तळपत असूनही त्या जागेत रातकिडे ओरडत होते.

कुसाबाईने कळशी त्या ओल्या गवतात ठेवली. जरा वेळ कान देऊन ऐकलं.

"हितं रात झाली तिला," ती हलक्या आवाजात म्हणाली. "निजली असंल. चल."

प्रतिभाला तिथून निघवत नव्हतं. कुसाबाईने तिचा हात धरला आणि दोघी, बोलण्याचा आवाज होऊ न देता, उन्हातून खाली उतरल्या.