माझ्या दाराला कुलूप

मित्रांनो, मी शिकाऱ्यांची एक जुनी लाकडी खोपी आहे. फिनलंडच्या पूर्वेला दलदल संपून पाइनचे रान सुरू होते, तिथे मी उभी आहे. माझी कहाणी गोड नाही. मला तिची लाज वाटते. पण लाज झाकायची सवय माणसांची. मला ती जमत नाही.

काउको सुताराने मला बांधले. ओंडके हिवाळ्यात बर्फावरून ओढून आणले, खाचा पाडून एकावर एक बसवले, फटींत शेवाळ ठासले. हेल्वी आणि तिचा धाकटा भाऊ ओस्मो त्याच्या हाताखाली राबले. आत लोखंडी चूल बसली. दाराला फक्त कडी. रानातल्या खोपीला कुलूप घालायचे नाही, ही इथली रीत. निघताना चुलीत पुढच्यासाठी लाकूड रचून जायचे. खाली बर्चची साल, वर चिरफळ्या. गारठलेल्या बोटांनी एक काडी ओढली की झाले. पुढचा कोण, हे कोणी विचारत नसे.

मग ओस्मो शिकारी टोळीचा म्होरक्या झाला आणि त्याला वीज हवी झाली. जुलैमध्ये माझ्या छपरावर सौरपाटी चढली. जुलैत इथे सूर्य मावळायचे नाव घेत नाही, त्यामुळे पाटी आडवी ठोकणे सगळ्यांनाच बरोबर वाटले. हिवाळ्यात तिच्यावर बर्फ बसेल, हे एकाच्याही डोक्यात आले नाही. जन्म बर्फात गेलेली माणसे ही! बाकाखाली बॅटरी आली, दिवे आले, डिझेलचा हीटर आला. चूल उचलून झुडपात फेकली.

"चूल राहू दे की," हेल्वी म्हणाली.

"राख तू काढणार?" ओस्मो म्हणाला. "आता बटण दाबायचं, की ऊब."

सगळे हसले. काउकोही हसला. खरे सांगते, ते दिवे मलाही आवडले होते.

बॅटरी चोरीला जाईल म्हणून कुलूप आले.

"इतकी दलदल तुडवून चोर येणार असेल ना ओस्मो, तर त्याला आधी कॉफी पाज," हेल्वी म्हणाली.

"किल्ली माझ्याकडे राहील. हवी तेव्हा माग."

त्या जानेवारीत हेल्वी कुत्र्याला घेऊन सशामागे निघाली. ओढ्यावरचा बर्फ फुटला आणि ती कंबरेपर्यंत पाण्यात गेली. गाडी लांब होती, मी जवळ होते. ती माझ्याकडे आली. कपडे अंगावर पत्र्यासारखे कडक झाले होते. तिने कुलूप पाहिले आणि मला नाही, भावाला एक शिवी दिली. मग कुऱ्हाडीने खिडकी फोडून ती आत आली. हीटरचे बटण दाबले. पुन्हा दाबले. डिझेल टाकीभर होते, पण पेटायला ठिणगी बॅटरीची लागते. पाटी बर्फाखाली, बॅटरी रिकामी होऊन गोठलेली, पोट फुगलेले. जिने चार भिंती उभ्या केल्या, तिला त्या भिंती ऊब देऊ शकल्या नाहीत.

तिने टेबल फोडले, फळ्या खिडकीतून बाहेर टाकल्या, माझ्या पुढ्यात आग केली आणि कुत्र्याला कवटाळून बसली. धूर बघून ओस्मो बर्फावरच्या स्कूटरवरून आला.

"टेबल जाळलंस?" हे त्याचे पहिले वाक्य.

"तुझा हीटर पेटेना. टेबल पेटलं."

हेल्वीच्या उजव्या पायाची बोटे दवाखान्यात कापली. मला वाटले, आता तरी चूल परत येईल. टोळी जमली. हेल्वी अजून दवाखान्यातच होती, तिला कोणी विचारले नाही. ठरले काय? बॅटरी नवी आणि खिडकीला लोखंडी जाळी.

"पुन्हा कोणी फोडायला नको," ओस्मो म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. काउकोनेही केला, आणि जाळी त्यानेच ठोकली. ठोकताना त्याने एकदाही आत पाहिले नाही.

मित्रांनो, घराला सजवा, उजेड करा, माझी तक्रार नाही. पण ज्या घरात भिजलेल्या माणसाला शिरता येत नाही, त्याला घर म्हणू नका. ते बॅटरीचे खोके आहे. तसे खोके मी झाले आहे. कधी थंडीत या रानात अडकलात तर लाजू नका. कडीजवळची फळी कुजली आहे. तिथे घाव घाला, आत या आणि माझे जे जळेल ते जाळा.