जनुकाचं घराणं

घराण्याचं रक्त शुद्ध राखण्याइतकी पवित्र जबाबदारी दुसरी नाही. शिवाय ती बसल्या जागी पार पाडता येते. थोरले बावीस वर्षं लाँड्रीच्या काउंटरमागे बसून ती पार पाडत होते. मागच्या खोलीत त्यांच्या भावाची बायको, घरात सगळ्यांची धाकटी, तितकीच वर्षं उभी राहून इस्त्री करत होती. पाय तिचे गेले, हा योगायोग.

डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरेना, तेव्हा तिला इस्पितळात नेलं. मांडीतली रक्तवाहिनी बंद निघाली. उजव्या पायाची शीर काढून तिथे जोडायची. जोडलेली शीर पुन्हा बुजली, तर पाय कापायचा. आणि अशा शिरा बुजतात. म्हणूनच एका नव्या उपचाराची चाचणी चालू होती. त्याचा अकरा पानी फॉर्म घेऊन सिस्टर आल्या.

"शिरेच्या आतल्या अस्तरातून एक वायू तयार होतो, नायट्रिक ऑक्साइड. तो शीर सैल ठेवतो. शीर काढताना अस्तर दुखावतं, वायू कमी पडतो आणि भिंत आतून जाड होत जाते."

"कोटासारखं," धाकटी म्हणाली. "कापड चांगलं असतं, पण अस्तर आटलं की कोट आखडतो."

"अगदी तसंच. म्हणून जोडण्याआधी शीर अर्धा तास औषधात भिजवायची. त्यात तो वायू करायला लावणारं जनुक असतं."

खोलीत येरझारा घालणारे थोरले थबकले. "कोणाचं?"

"माणसाचंच."

"ते कळलं हो. कोणत्या घरचं?"

चौदा वर्षांच्या नोकरीत सिस्टरांना हा प्रश्न नवा होता. "प्रयोगशाळेत बनवतात. आणि ते शिरेपुरतंच राहतं, पोराबाळांत उतरत नाही. शिवाय निम्म्यांनाच औषध मिळतं. उरलेल्यांची शीर नुसत्या मिठाच्या पाण्यात भिजवतात. कोणाला काय, ते चिठ्ठीने ठरतं. वर्षभर कोणालाच सांगत नाहीत."

हे कोणी ऐकलं नाही. थोरले पुन्हा फिरू लागले होते आणि धाकटीचा नवरा एकच रुमाल सातव्यांदा घडी करत होता.

"परकं बीज आपल्या घरात नको," थोरले म्हणाले. "फॉर्म इकडे द्या. नकाराची सही मी करतो. आमच्यात बायका सह्या करत नाहीत."

"सही पेशंटची लागते. पाय त्यांचा आहे."

"पाय तिचा असेल, पण राहतो आमच्या घरात."

धाकटी उशीला टेकून बसली. "दादा, तुमच्या अल्सरच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढवलं. त्यांचं घराणं विचारलं होतंत?"

"तेव्हा मी बेशुद्ध होतो!"

"मग आत्ताही जरा व्हा."

रुमाल खाली पडला. नवरा पुटपुटला, "अगं, दादा मोठे आहेत."

"मोठेच आहेत. पण मी कुबड्यांवर आले, तर तुम्ही करणार का इस्त्री? सांगा ना."

तो रुमाल शोधायला खाटेखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही.

"सही केलीस तर तुझं ताट वेगळं," थोरल्यांनी निकाल दिला. "आणि तुझ्या हातचा कपडा मी अंगाला लावणार नाही."

"आजवर सगळ्यांच्या शेवटी, एकटीच जेवत आले. ताट एकत्र होतं कधी?" तिने सिस्टरांकडे हात केला. "पेन द्या."

नाव लिहायला तिला वेळ लागला. सवय नव्हती. मधेच तिने चुकलेलं अक्षर खोडलं, पुन्हा लिहिलं. कोणी मदत केली नाही आणि तिने मागितलीही नाही.

शीर जोडली गेली. जखम भरली. ताट वेगळं झाल्यामुळे धाकटी वर्षभर वेळेवर, गरम आणि बसून जेवली. इस्त्रीच्या टेबलाशी तिने उंच स्टूल आणून ठेवलं, कोणाला न विचारता. थोरल्यांनी शब्द पाळला. लाँड्रीचे मालक वर्षभर चुरगळलेल्या सदऱ्यात काउंटरवर बसले आणि गिऱ्हाइकांना आपल्या घराण्याबद्दल सांगत राहिले.

वर्षाने चाचणीची यादी उघडली. धाकटीची शीर मिठाच्या पाण्यात भिजवली होती.