सरदारभाईंचं बोट

मैदानावर खेळाडू बावीस होते, बॅटी तीन, टेनिसचा बॉल एक आणि स्टंप पाच. सहाव्याच्या जागी तुराटी रोवली होती. मैदान म्हणजे महागावच्या शिवेवरचं, सोयाबीन निघालेलं वावर. वेगळा पंच नव्हता. जो संघ बॅटिंग करील त्याचाच माणूस पंच म्हणून उभा राहायचा. त्यामुळे आपल्या गड्याला कीपरच्या हातात कॅच आउट देणारा पंच या भागात अजून जन्माला यायचा होता. फुलसावंगीचे सरदारभाई तर त्यासाठी नावाजलेलेच. बॅटीचा आवाज बसस्टँडपर्यंत गेला तरी त्यांचे हात खिशातच.

महागावचा कीपर अश्वजित. त्याचा थोरला भाऊ राजदीप एकेकाळी डाव्या हाताने असा बॉल टाके, की फुलसावंगीवाले टॉसच्या आधी विचारत, "तुमचा डावखोऱ्या आला का?" गेल्या वर्षी राजदीपच्या किडन्या गेल्या. डायलिसिससाठी त्याच डाव्या हाताची शीर धमनीला जोडून घ्यावी लागली; मनगटाच्या वर ती दोरीसारखी फुगलेली दिसे.

सकाळी तो बूट घालायला बसला तेव्हा अश्वजित म्हणाला, "दादा, डॉक्टरनं त्या हातावर जोर देऊ नोको म्हटलं ना?"

"टेनिसचा बॉल हाय बे, सिमेंटचं पोतं नाही. एकच ओव्हर टाकतो. हात राह्यला का गेला, एवढंच पाह्याचं हाय मले. अन् कोणी कीव करू नोका. तूही नोको. खोटं बोलशीन तं घरी येऊ नोको."

मॅच आठ ओव्हरची. महागावचे एकाहत्तर झाले. सात ओव्हर संपल्या तेव्हा फुलसावंगी पन्नासवर होती. शेवटच्या ओव्हरला बावीस हवे होते आणि समोर आसिम, त्यांच्यातला सगळ्यात लांब मारणारा. राजदीपने बॉल मागून घेतला.

पहिला बॉल टप्पा पडताच मेला. आसिमने तो हळूच पायाशी दाबला. दुसराही तसाच. कडेला बसलेला फुलसावंगीचा फुलचंद ओरडला, "अबे आसिम, बॅट हाय का लाटणं?" कोणी हसलं नाही. तिसऱ्याला आसिमने बॅट फिरवली खरी, पण बॉल निघून गेल्यावर. बॉल अश्वजितच्या हातात आला. अपील कोणीच केलं नाही. तरी सरदारभाईंचं बोट वर गेलं.

आसिम मान खाली घालून निघाला. महागावची पोरं धावत येऊन राजदीपच्या गळ्यात पडली. त्याला दम लागला होता. पोरांना बाजूला सारून तो त्या बोटाकडे बघत राहिला.

"सरदारभाई, काहून?"

"लागली ना, राजू. मी आयकली."

"आशू, लागली?"

बॉल अजून अश्वजितच्या हातातच होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर दादा विकेट घेऊन घरी गेला असता, ममतावहिनीला दहादा सांगत बसला असता. सरदारभाई पलीकडून डोळ्यांनीच त्याला विनवत होते. पण बॅट आणि बॉल यांच्यात वीतभर अंतर होतं, ते त्याने पाहिलं होतं. आणि दादाही त्याच्याकडे, सकाळी पाहिलं होतं तसंच, बघत होता.

"नाही लागली, दादा."

राजदीपने मान हलवली. "आसिम, वापस ये. अन् मार. मी मेलो नाही अजून."

आसिम परतला. त्याने बाहीने डोळे पुसले आणि गार्ड घेतला. चौथा बॉल बांधावरच्या बाभळीवरून गेला. पाचवा सरळ, जमिनीलगत, हद्दीबाहेर. राजदीपने डावा हात क्षणभर उजव्यात धरला, मग पुन्हा मागे गेला, पूर्वी जायचा तितकाच लांब. सहावा त्याने जीव एकवटून टाकला. तो अर्ध्यातच आपटला, आणि आसिमने तोही बाभळीपार धाडला.

महागाव पाच रनांनी जिंकलं. राजदीप: एक ओव्हर, सोळा रन, विकेट नाही.